उसनी कॅसेट

ज्या खेळाची कॅसेट शेजाऱ्याला उसनी देता येते, तो खेळ आपला. बाकीचे सगळे भाड्याचे. व्हिडिओ गेम या विषयावर माझी मतं पुष्कळ आहेत. कन्सोल कुठला चांगला, परीक्षणांवर किती विश्वास ठेवावा, मुलांनी किती वेळ खेळावं, यावर मी विरार ते चर्चगेट उभ्याने बोलत जाऊ शकतो, आणि गेलोही आहे. पण कितीही बोललो तरी शेवटी येतो तो या एका मतावरच. हे मत मला कुठल्या मासिकातून मिळालं नाही. ते वसईच्या वाडीत मिळालं.

वसई-विरार म्हटलं की आता लोकांना भरलेली लोकल आणि इमारतींच्या रांगा आठवतात. ते खोटं नाही. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. पण रुळांच्या पश्चिमेला, निर्मळपासून आगाशी-अर्नाळ्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात, अजून केळीच्या बागा आहेत, मोगरा आहे, बावखलं आहेत. माझं लहानपण त्या पट्ट्यातलं. तिथे उसनवारी ही गरिबीची खूण नव्हती, रीत होती. शिडी एकाची असायची आणि चार घरांत फिरायची. लग्नकार्यातलं मोठं पातेलं कोणाचं, हे त्याच्यावर कोरलेलं नाव वाचल्याशिवाय कळायचं नाही. भांडं परत करताना रिकामं द्यायचं नाही, दोन केळी तरी त्यात ठेवायची, असं आई सांगायची.

१९९४ साली आमच्याकडे व्हिडिओ गेम आला. बाबा पहाटेच्या लोकलने फुलांची गाठोडी घेऊन दादरला जायचे. त्या उन्हाळ्यात मोगऱ्याला भाव बरा मिळाला. एक दिवस फुलं विकून झाल्यावर ते घरी न येता ग्रँट रोडला उतरले, लॅमिंग्टन रोडवर गेले आणि ८०० रुपयांचं एक खोकं घेऊन आले. "पोरं दिवसभर उन्हात फिरतात. जरा घरात बसतील," असं त्यांनी आईला सांगितलं. आईने खोक्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "याला वीज किती लागते?"

ते खोकं नकली होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचा कन्सोल बाजारात आणला. त्याच्या नकला तऱ्हेतऱ्हेच्या नावांनी जगभर विकल्या गेल्या, तशीच ही एक. आम्हाला ना फॅमिकॉम ठाऊक, ना निन्टेन्डो. आमच्या भाषेत यंत्र म्हणजे 'व्हिडिओ गेम', हातात धरायचं ते 'रिमोट' आणि वरून खोचायची ती 'कॅसेट'. कॅसेटवर 'एकात ९९९९९९' असं काहीतरी छापलेलं असायचं. खरे खेळ दहाच्या आत. बाकी तेच खेळ, फक्त तिसऱ्या नाहीतर पाचव्या टप्प्यापासून सुरू होणारे.

आमचा टीव्ही काळा-पांढरा. त्यावर मारिओ खेळताना मला नेहमी वाटायचं की वरचे ढग आणि खालची झुडपं एकसारखीच आहेत. शेजारच्यांकडे रंगीत टीव्ही होता. तिथे ढग पांढरे, झुडपं हिरवी. सगळे मला हसायचे. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की ते चित्र खरोखर एकच आहे, फक्त रंग बदललेला. १९८५ चा तो अख्खा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज फोनवर येणारा गुड मॉर्निंगचा फुलांचा फोटो त्याहून मोठा असतो. जागा कमी, म्हणून ढगाचंच झुडूप केलं. आमच्याकडे आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, त्यातलाच हा प्रकार.

खरी अडचण विजेची होती. वाडीला पाणी सोडायला मोटर लावली की व्होल्टेज पडायचं आणि टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आकसायचं. मारिओ बुटका व्हायचा. स्टॅबिलायझर टकटक करायचा. भाजीचं पाणी आधी, खेळ नंतर, हा आईचा नियम. वीजच गेली तर मग खेळ पहिल्यापासून, कारण त्या कॅसेटमध्ये काही साठवून ठेवायची सोयच नव्हती. सातव्या टप्प्यापर्यंत पोचलेला मुलगा पुन्हा पहिल्या टप्प्यावर यायचा आणि ओटीवरची दहा पोरं एकदम "श्या!" करायची. समुद्राची खारी हवा हा दुसरा शत्रू. कॅसेटच्या पितळी पट्ट्या काळ्या पडायच्या. सगळे जण कॅसेट काढून फुंकर मारायचे. खरं तर तोंडातल्या ओलाव्याने त्या आणखी खराब होतात. आमच्याकडे खोडरबराने पट्ट्या घासायची पद्धत निघाली आणि ती चांगली चालली.

एक यंत्र, दोन रिमोट, दहा पोरं. त्यामुळे नियम आपोआप तयार झाला: मेला की रिमोट सोड. कोणाला किती वेळ खेळू द्यायचं याची चर्चा कधी झाली नाही. कच्चा खेळणारा दोन मिनिटांत उठायचा, पक्का पंधरा मिनिटांत. उरलेला वेळ सगळे बघायचे, ओरडायचे, शिकवायचे. आज 'स्क्रीन टाइम' नावाची जी काळजी आईबापांना असते, ती आमच्या आईला नव्हती. तिच्या वतीने नऊ पोरं घड्याळासारखी मागे बसलेली असायची.

आता परीक्षणांचं सांगतो. कॅसेटी महाग होत्या, म्हणून प्रत्येक घराने वेगळी घ्यायची आणि फिरवायची असं ठरलं. हिशोब माझ्या चुलत बहिणीकडे. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आम्ही तिला ताई म्हणायचो. दुधाच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं तिने घेतली. एका बाजूला कुठली कॅसेट कोणाकडे, कधी दिली, कधी आली. दुसऱ्या बाजूला खेळाचं मत. कॅसेट परत करताना मत सांगितल्याशिवाय ती पुढची कॅसेट द्यायची नाही. रिकामं भांडं परत करायचं नाही, तसंच हे. ती वही माझ्याकडे अजून आहे. त्यातली मतं अशी:

"कॉन्ट्रा. दोघांनी खेळावा. एकट्याला भीती वाटते."

"टँक. भावाभावांनी खेळू नये. एकमेकांवर गोळी मारतात."

"सर्कस. सोपा आहे. दोरीवरच्या माकडांचा राग येतो."

"गाडीचा गेम. पेट्रोल संपतं. काकांना दाखवावा."

"बदकं. नेम चुकला की कुत्रा हसतो. लहान मुलं रडतात."

यापेक्षा चांगली परीक्षणं मी पुढे फार थोडी वाचली. जपानमध्ये 'फामित्सु' नावाचं प्रसिद्ध साप्ताहिक आहे. तिथे चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा मिळाले ते १९९८ साली, 'झेल्डा'च्या 'ओकारिना ऑफ टाइम'ला. खेळ थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण चाळीस या आकड्यावरून मला काय कळलं? हा दोघांनी खेळायचा की एकट्याने? वीज गेली तर काय होईल? धाकट्याला रडू येईल का? ताईच्या एका ओळीत हे सगळं असायचं, कारण तिचं परीक्षण ज्याच्यासाठी होतं तो तिच्यासमोर उभा असायचा. आजचा परीक्षक कोणासाठी लिहितो ते त्यालाच ठाऊक नसतं, म्हणून तो आकडा देऊन मोकळा होतो. मी अजूनही परीक्षणातला आकडा वाचत नाही. खेळणारा कोण आहे, तो कोणाबरोबर खेळला आणि खेळ मधेच सोडता येतो का, हे शोधतो. नसेल तर ते परीक्षण माझ्या कामाचं नाही.

कॉन्ट्रातला तीस जिवांचा मंत्रसुद्धा असाच तोंडी आला. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी तो आधी १९८६ च्या 'ग्रेडियस'साठी बनवला होता. स्वतःचाच खेळ तपासताना तो त्यांना पार करता येईना, म्हणून. तो जपानहून आमच्या ओटीवर कोणाकोणाच्या तोंडून पोचला असेल, याचा विचार केला की मला गंमत वाटते. आमच्यापर्यंत तो आणला होळी बाजारात मासे घेऊन येणाऱ्या एका मावशींच्या मुलाने, आणि बदल्यात त्याने दोन दिवसांसाठी 'सर्कस' नेली.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. त्या कॅसेटी चोरीच्या होत्या. मारिओ किंवा कॉन्ट्रा ज्यांनी बनवला त्यांना आमच्या ८०० रुपयांतला एक रुपयाही गेला नाही. मी नकलेची बाजू घेत नाही. पुढे मी कमावता झालो तेव्हापासून प्रत्येक खेळ पैसे मोजून घेतला आहे. मी बाजू घेतो ती उसनवारीची. पुस्तक एकदा विकत घेतलं की मी ते कोणालाही वाचायला देतो आणि लेखकाला त्यात चोरी वाटत नाही. खेळाचंही तसंच असावं, एवढंच म्हणणं.

मधल्या काळात स्टेशनाजवळच्या पार्लरमध्येही पुष्कळ खेळलो. रुपया टाकायचा आणि 'मुस्तफा' खेळायचा. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. पण त्यातल्या पिवळ्या शर्टवाल्या हिरोचं नाव मुस्तफा, म्हणून सगळ्या मुंबईत खेळच मुस्तफा झाला. हा खेळ घरच्या कन्सोलसाठी कधी निघालाच नाही. पार्लर बंद झालं, मुस्तफा गेला. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की जो खेळ घरी आणता येत नाही, तो दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो.

माझ्या मते आमच्यासारख्या घरांसाठी सगळ्यात चांगला कन्सोल झाला तो प्लेस्टेशन २. जपानमध्ये मार्च २००० मध्ये आला आणि १५ कोटींहून जास्त विकला गेला. आकड्यासाठी मी त्याचं कौतुक करत नाही. त्यावर डीव्हीडी चालायची, म्हणून आईला सिनेमा बघता यायचा. दोन रिमोट लागायचे, म्हणून नाताळात नंदाखालचे मित्र आले की फुटबॉलचे सामने लागायचे. प्रगती साठवायला छोटं मेमरी कार्ड होतं, म्हणजे वीज गेली तरी सगळं पाण्यात जात नव्हतं. कार्ड खिशात टाकून मित्राच्या घरी जायचं आणि आपला खेळ तिथे पुढे चालू. त्यावर आपल्या मातीतले खेळही आले. २००९ मध्ये 'देसी अड्डा' निघाला, त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता. आम्ही तो हसत हसत खेळलो आणि मग अंगणात उतरून खरी विटीदांडू खेळलो.

मग गोष्टी बदलायला लागल्या. जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्स वनबद्दल सांगितलं की त्यावर वापरलेल्या आणि उसन्या डिस्कवर बंधनं असतील. सोनीने लगेच एक छोटा व्हिडिओ काढला: प्लेस्टेशन ४ वर मित्राला गेम कसा द्यायचा? एक माणूस डिस्क पुढे करतो, दुसरा घेतो, "थँक्स" म्हणतो. संपला व्हिडिओ. जगभर एवढा गोंधळ झाला की मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात निर्णय मागे घेतला. तो व्हिडिओ मी ताईला दाखवला. ती म्हणाली, "यात काय विशेष? आपण हेच करत होतो की."

पण जे त्या वेळी दारातून परत गेलं, ते पुढे खिडकीतून आलं. डिस्क कमी झाल्या, डाउनलोड वाढलं. 'द क्रू' नावाचा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचा सर्व्हर बंद केला. तो एकट्याने खेळायचा म्हटलं तरी सर्व्हर लागायचा, त्यामुळे ज्यांनी पैसे देऊन डिस्क घेतली होती त्यांच्या हातात नुसती चकती उरली. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला: तुम्ही डिजिटल वस्तू 'विकत' घेत नसून वापराचा परवाना घेत आहात, हे दुकानदाराने स्पष्ट सांगितलं पाहिजे. वसईत सातबारा आणि भाडेकरार यातला फरक शेंबडं पोरही जाणतं. खेळांच्या बाबतीत तो फरक जगाला आत्ता कळतो आहे.

हे सगळं आमच्या घरात गेल्या वर्षी प्रत्यक्ष भांडणापर्यंत आलं. पुतण्याला प्लेस्टेशन ५ हवा होता. दादाचं म्हणणं, "गेम हा शब्द घरात नको." त्यालाही कारण होतं. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या मुलाने फोनवरच्या पैशांच्या पत्त्यांत वाडीचं वर्षाचं उत्पन्न घालवलं होतं. बाप अजून कोणाच्या नजरेला नजर देत नाही. दादाच्या लेखी फोनवरचे पत्ते, मारिओ आणि पबजी, सगळं एकच.

मी त्याला सांगितलं, हे एक नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला, त्यातही पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे काढून त्यांना बंदी केली आहे आणि ई-स्पोर्ट्स वेगळे ठेवले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ केला. सर्कशीतली एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत निघते, अशी गोष्ट. ती पार पाडायला आठ तासही लागत नाहीत, आणि त्यात कोणी पैसा लावत नाही, हरत नाही. याला आणि जुगाराला एकच नाव देणं म्हणजे नीरा आणि दारू एका मडक्यात ओतण्यासारखं आहे.

मात्र दादाची भीती मी पूर्ण उडवून लावली नाही. खेळाचं व्यसन लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याची नोंद केली आहे आणि ते जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण नुसते तास मोजून ते ठरत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशा खुणा त्यात आहेत. फोनचा मोठा दोष मला हाच वाटतो की तिथे रिमोट मागायला मागे कोणी बसलेलं नसतं. पोरगा रात्री पांघरुणात मरतो आणि पुन्हा जिवंत होतो, त्याला "आता माझी पाळी" म्हणणारं कोणी नाही.

पुतण्या स्वस्तातला, डिस्क न लागणारा प्रकार घ्यायला निघाला होता. भारतात हा कन्सोल २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि बिनडिस्कवाल्याची ३९,९९०. "काका, दहा हजार वाचतात," तो म्हणाला. मी त्याच्यासमोर ताईची वही ठेवली आणि हिशोब मांडला. मोठा नवा खेळ पाच हजारांच्या घरात जातो. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, दुसऱ्याची घेता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. चार-पाच खेळांत दहा हजार वसूल. बिनडिस्कवाल्यात प्रत्येक खेळ दुकानदार म्हणेल त्या भावाला, आणि संपल्यावर तो कोणाच्याच उपयोगाचा नाही.

त्याने वही चाळली. "बदकं. नेम चुकला की कुत्रा हसतो," हे वाचून तो मोठ्याने हसला. दादाने एवढीच अट घातली की कन्सोल पडवीत राहील, खोलीत नाही, आणि दोन रिमोट घ्यायचे. ती अट मला फार आवडली. आईच्या वेळचा नियम दादाला आठवला होता, त्याने तसं म्हटलं नाही एवढंच.

तुमच्या घरात असा प्रश्न आला तर माझं सांगणं सोपं आहे. दुकानात गेल्यावर कन्सोलची ताकद, चित्राची स्पष्टता, गुणांचे आकडे हे विचारा, पण आधी तीन गोष्टी विचारा. खेळ दुसऱ्याला देता येतो का? इंटरनेट नसताना चालतो का? शेजारी बसून दोघांना खेळता येतो का? तिन्हींना हो असेल तर पैसे द्या.

पुतण्याने चार महिने थांबून, सुट्टीत एका नर्सरीत काम करून वरचे दहा हजार जमवले आणि डिस्कवालाच घेतला. पहिली डिस्क महिन्याभरात आगाशीला एका मित्राकडे गेली. ती अजून परत आलेली नाही. तो रोज कुरकुर करतो आणि वहीत तारीख बघतो.